पालवणकर बाळू : क्रीडांगण आणि राजकारण

मुंबईच्या प्रभादेवी भागांत ‘पी. बाळू मार्ग’ नांवाचा एक रस्ता आहे. दादर-परळच्या बाजूचे कित्येक लोक त्या रस्त्यानें ये-जा करतात. पण हे बाळू कोण, असा प्रश्न टाकला तर नेमकें उत्तर देणारे थोडेच निघतील. क्रिकेटचा अभ्यास असणारा एखादा सांगेल कीं, हिंदुस्थानांत होऊन गेलेले पहिले थोर गोलंदाज ते हेच. राजकारणाच्या इतिहासांत रस असणारा दुसरा सांगेल कीं, १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहून पडलेले उमेदवार ते हेच. दोघांचेंही म्हणणें खरें आहे. परंतु या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यांत कशा आल्या, आणि पहिलीचा दुसरीशीं कांहीं संबंध आहे काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तो संबंध आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून या पुरुषाचें चरित्र उलगडत नाहीं.

पालवण हें रत्नागिरी जिल्ह्यांतील गांव. तेथलें हें चर्मकार कुटुंब लष्करी नोकरीच्या निमित्तानें घाटावर आलें. बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला, आणि पुढें पुणें हेंच त्यांचें घर झालें. लष्करांतील गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेंच बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांचें पहिलें खेळाचें साहित्य. शाळेंतलें शिक्षण फार झालें नाहीं. लहान वयांतच घरखर्चाला हातभार लावण्याची वेळ आली, आणि एका पारशी क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें काम मिळालें. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबांत नोकरीस लागले. तेथें ४ रुपये मिळूं लागले.

रूळ ओढणें, रेषा आंखणें, जाळीं बांधणें हीं कामें आटोपलीं, म्हणजे साहेब लोकांना सरावासाठीं चेंडू टाकणें हेंही नोकराकडेच येई. डाव्या हाताची, संथ गतीची, परंतु दर चेंडूला उंची, वेग आणि वळण बदलून फलंदाजाला चकविणारी बाळूंची गोलंदाजी या चाकरींतच तयार झाली. पूना क्लबचे नामांकित फलंदाज ग्रेग यांनीं ती प्रथम ओळखली. इतरांच्या आधीं मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे द्यावयाचे असा त्यांचा शिरस्ता होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी एवढें खरें कीं, आज ज्याला खेळाचा शिक्षक म्हणतात त्याचें काम हा १७-१८ वर्षांचा नोकर करीत होता. मात्र त्या क्लबांत वर्षानुवर्षें चेंडू टाकूनही त्यांच्या हातीं बॅट कधीं दिली गेली नाहीं. गोलंदाजी ही अंगमेहनतीची चाकरी आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी त्या काळची समजूत होती.

ग्रेगसारख्या फलंदाजाला अडविणारा गोलंदाज पुण्यांत आहे ही वार्ता शहरांतील हिंदु खेळाडूंच्या कानीं गेली. गोऱ्यांच्या संघाला हरवावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण बाळूंना आपल्या संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठा वाद माजला. कांहीं तेलुगु सभासद बाळूंच्या बाजूचे होते, तर कांहीं ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर विजयाची आशा बलवत्तर ठरली आणि बाळू संघांत आले. मात्र या येण्याला एक मर्यादा होती. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलावा, हातोहात परत द्यावा. त्यांत कोणाला विटाळ वाटत नसे. चहाची वेळ झाली, कीं बाकीचे दहा जण आंत जाऊन कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. जेवणाचें पान निराळें, बसण्याची जागा निराळी. हात-तोंड धुवावयाचें झाल्यास अस्पृश्य गड्यानेंच एका कोपऱ्यांत पाणी घालावें, असा रिवाज होता.

सामने मात्र बाळू जिंकून देत होते. पुण्यापाठोपाठ सातारच्या गोऱ्या जिमखान्याचाही पराभव झाला. परत आल्यावर झालेल्या सत्कारांत न्यायमूर्ति रानडे यांनीं बाळूंचा गौरव केला, आणि ज्याच्यासह आपण खेळतों त्याच्यासह खाण्यापिण्यास कां कचरावें, असें बरोबरच्या खेळाडूंना सुचविलें, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. रानडे सुधारक होते, तेव्हां त्यांनीं असें बोलावें यांत नवल नाहीं. नवल असेल तर हें कीं, हा प्रश्न सभेच्या व्यासपीठावरून येण्यापूर्वीं क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला होता.

पुढें पुण्यांत प्लेग शिरला आणि बाळू मुंबईस आले. कांहीं काळ लष्करी पलटणींत आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेंत त्यांनीं नोकरी केली. मुंबईंत १८९४ सालीं परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना स्थापन झाला होता. समुद्रकांठच्या या जिमखान्यांतही बाळूंच्या प्रवेशाला कांहीं सभासदांनीं हरकत घेतली. पण कर्णधार कीर्तिकर यांनीं त्यांची समजूत घातली. मुंबईचें वारें पुण्याहून मोकळें. हळूहळू जिमखान्याच्या उपाहारगृहांत बाळू आणि शिवराम हे इतरांबरोबर बसून खाऊं-पिऊं लागले. जी गोष्ट रानड्यांच्या सूचनेनें पुण्यांत झाली नाहीं, ती बाळूंच्या गोलंदाजीनें मुंबईंत कांहीं अंशीं घडवून आणली.

त्या काळीं मुंबईंतील क्रिकेट धर्मावार वांटलेलें होतें. युरोपियन आणि पारशी यांचे सामने १८९२ पासून ठरीव रीतीनें होत होते. हिंदूंनीं युरोपियनांना आव्हान दिलें, आणि १९०६ च्या फेब्रुवारींत बाँबे जिमखान्याच्या मैदानावर सामना झाला. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ आणि दुसऱ्या डावांत १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ धावाच करतां आल्या. १०९ धावांनीं हिंदु संघ विजयी झाला. वंगभंगाच्या चळवळीचा तो ऐन काळ. गिरगांवांतल्या चाळींतून आणि कचेऱ्यांतून आलेल्या प्रेक्षकांना या विजयाचें जें मोल वाटलें, तें केवळ खेळापुरतें नव्हतें. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानें तर निराळीच गोष्ट पुढें मांडली. चर्मकार बंधूंना हिंदु जिमखान्यानें आपल्यांत घेतलें, यामुळें हजारों तरुण हिंदूंचीं मनें जितकीं उदार झालीं तितकीं दुसऱ्या कोणत्याही प्रयत्नानें झालीं नाहींत, असा त्या लेखाचा आशय होता.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदु यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ मिळून ते चौरंगी झाले. या सामन्यांतून बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चौघेही पालवणकर बंधु हिंदूंच्या बाजूनें खेळले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. महाराज लौकरच लंडनच्या समारंभांत गुंतले आणि संघ विस्कळीत झाला. तो बहुतेक सामने हरला. तरी त्या दौऱ्यांत ३५ वर्षांच्या बाळूंनीं एकट्यानें ११४ गडी बाद केले. लीस्टरशायर संघाविरुद्ध हिंदी संघ जिंकला. त्या सामन्यांत बाळूंनीं दोन्ही डाव मिळून ११ गडी टिपले. पहिल्या श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत १७९ गडी, आणि दर गड्यामागें १५ च्या आसपास धावा, हा त्यांच्या कारकीर्दीचा हिशेब कोणत्याही देशांत थोर गोलंदाजाचाच गणला जाईल.

विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगींचें मानपत्र एका तरुण विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, असें अभ्यासक सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकणारे भीमराव आंबेडकर. आपल्यांतला एक माणूस केवळ गुणाच्या बळावर साऱ्या देशाचा झाला, हें पाहून त्या पिढीच्या तरुणांना केवढा धीर आला असेल याची कल्पना करतां येते.

एवढें सर्व होऊनही एक दार बंद राहिलें. बाळू संघांत सर्वांत ज्येष्ठ, अनुभवी, आणि सर्वांत यशस्वी होते. पण त्यांना कर्णधार कोणी केलें नाहीं. १९१३ सालीं एम. डी. पै यांची त्या पदावर निवड झाली. त्यांच्या ज्ञातीनें त्यांचा सत्कार केला, तेव्हां पै यांनीं उत्तरादाखल मोकळ्या मनानें सांगितलें कीं, हा मान वास्तविक बाळूंना मिळावयास हवा होता. पै यांचा प्रांजळपणा खरा. पण निवड समितीचें मन त्यामुळें बदललें नाहीं. १९२० सालीं पै आजारी पडले, तेव्हां मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठीं पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यांत आलें, आणि ४४ वर्षांच्या बाळूंना संघांतूनच वगळलें. त्यावर शिवराम आणि विठ्ठल यांनीं खेळण्याचें नाकारलें, आणि ज्येष्ठता व गुण डावलून जात पाहिली जाते असें जाहीरपणें सांगितलें. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या वेळीं पै परत आले, बाळूंना उपकर्णधार करण्यांत आलें, आणि दोघे बंधु संघांत परतले. त्या सामन्यांत पै मुद्दाम कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्यापुरतें संघाचें नेतृत्व बाळूंकडे आलें. एका थोर खेळाडूच्या वांट्याला आलेलें कर्णधारपद तें एवढेंच. पुढें १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांनीं चौरंगी सामने जिंकून दाखविले. थोरल्या भावाच्या हक्काचें जें होतें, तें धाकट्याला मिळालें.

या अनुभवांतून बाळू राजकारणांत आले. येथेंच श्रोत्यांनीं थोडें थांबून विचार करावा. या माणसानें उभ्या आयुष्यांत काय पाहिलें होतें? बाहेर मातीच्या भांड्यांत चहा घेण्यापासून जिमखान्यांत एका मेजावर बसण्यापर्यंत, आणि रूळ ओढण्यापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतची वाटचाल त्यानें स्वतः केली होती. ती वाटचाल संथ होती, अपमानांनीं भरलेली होती. पण ती हिंदु समाजाच्या आंत राहून, त्याच्याच संघांतून खेळून झाली होती. आपण गुण दाखवावा, दुसऱ्यांनीं मन मोठें करावें, आणि अशा रीतीनें अस्पृश्यता झिजावी, हा मार्ग त्यांना खरा वाटला, कारण तो त्यांच्या अंगीं अनुभवलेला होता.

डॉ. आंबेडकरांचा मार्ग निराळा होता. १९२४ सालीं परळच्या दामोदर हॉलमध्यें त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ सालीं महाडच्या तळ्याचा सत्याग्रह केला, आणि १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिराचा. दुसऱ्यांच्या औदार्याची वाट पाहत बसावयाचें नाहीं, हक्क कायद्यानें आणि राजकीय सत्तेनें मिळवावयाचा, असा त्यांचा निर्धार होता. म्हणून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत अशी मागणी त्यांनीं गोलमेज परिषदेंत केली. संयुक्त मतदारसंघांत बहुसंख्य सवर्ण आपल्याला सोयीचा तोच अस्पृश्य निवडतील, ही त्यांची भीति होती. बाळूंनीं या मागणीला विरोध केला. १९३२ सालच्या राजा-मुंजे कराराला त्यांनीं पाठिंबा दिला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ब्रिटिश सरकारनें स्वतंत्र मतदारसंघ दिले, गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत २० सप्टेंबरला उपोषण आरंभिलें, आणि २४ सप्टेंबरला पुणें करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांच्या ऐवजीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठरल्या. प्रांतिक कायदेमंडळांतील त्यांची संख्या १४८ झाली. त्या करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, आणि पालवणकर बाळूंचीही आहे. एकाला ती सही नाइलाजानें करावी लागली, दुसऱ्यानें ती मनापासून केली.

१९३३ सालीं हिंदु महासभेच्या वतीनें बाळू मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले आणि हरले. १९३५ सालीं येवल्याच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराचा निश्चय जाहीर केला, तेव्हां हा मार्ग आत्मघाताचा आहे असें मत बाळूंनीं दिलें. मग १९३७ साल उजाडलें. नव्या कायद्याप्रमाणें मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली. मुंबई शहराच्या भायखळा-परळ मतदारसंघांतील राखीव जागेसाठीं डॉ. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले. त्यांच्यासमोर कोणाला उभें करावें, हा काँग्रेसपुढें प्रश्न होता. अस्पृश्यांत ज्याच्या नांवाला मान आहे आणि सवर्णांना ज्याचें प्रेम आहे, असा माणूस पालवणकर बाळू. काँग्रेसनें त्यांना उमेदवारी दिली. वय साठीच्या घरांत, सभा गाजविण्याची संवय नाहीं. तरीही ते उभे राहिले.

परळ-भायखळा म्हणजे गिरण्यांचा आणि चाळींचा भाग. डॉ. आंबेडकरांचीं अनेक वर्षें परळच्या चाळींत गेलेलीं; तेथलीं माणसें त्यांना घरचीं. मोजणी झाली तेव्हां डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. फरक २,०२० मतांचा. त्या निवडणुकींत काँग्रेसनें प्रांतांतील १७५ पैकीं ८६ जागा जिंकल्या, पण ही जागा तिच्या हातीं आली नाहीं. यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या संयुक्त मतदारसंघाचा पुरस्कार बाळूंनीं केला, त्याच मतदारसंघांतून डॉ. आंबेडकर निवडून आले, आणि ज्यांनीं त्याची भीति बाळगली होती त्यांनींच तेथें आपलें बळ सिद्ध केलें.

या पराभवावरून बाळूंना कोणी परक्यांच्या हातचें बाहुलें म्हणतात. तसें म्हणणें न्यायाचें नाहीं. ज्याला जिमखान्याच्या दारांतून आंत जाण्यास इतकीं वर्षें लागलीं, त्याला त्या दाराची किंमत इतरांहून अधिक कळली होती. तें लोटून बाहेर पडावें असें त्याला वाटलें नाहीं. पण डॉ. आंबेडकरांचें म्हणणेंही बाळूंच्याच चरित्रांतून सिद्ध होतें, हें विसरतां येत नाहीं. गुण असूनही कर्णधारपद मिळालें नाहीं. दोघा भावांनीं खेळण्याचें नाकारलें तेव्हांच समिति हलली. उपकर्णधारपद मिळालें तें केवळ कोणाच्या औदार्यानें नव्हे. संघांत राहून मिळालें तेंही खरें, आणि संघाबाहेर पडण्याची तयारी दाखविल्यावर मिळालें तेंही खरें. बाळूंनीं पहिला अर्थ घेतला, आंबेडकरांनीं दुसरा. दोन्ही अर्थांना आधार एकाच आयुष्याचा आहे.

पुढील काळांत बाळू सार्वजनिक जीवनांत फारसे दिसले नाहींत. धाकटे बंधु विठ्ठल यांनीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र १९४८ सालीं प्रसिद्ध केलें, त्यामुळें या घराण्याची हकीकत मराठी वाचकांपुढें आली. २६ जानेवारी १९५० रोजीं स्वतंत्र हिंदुस्थानची राज्यघटना अंमलांत आली. तिच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें घोषित केलें. ती घटना तयार करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाळूंचे प्रतिस्पर्धी डॉ. आंबेडकर हेच होते. या कलमाला अनुसरून शिक्षेची तरतूद करणारा कायदा १९५५ सालीं झाला आणि १ जूनपासून लागू झाला. उपाहारगृहांत कोणाला वेगळें बसविणें, वेगळें भांडें देणें हा त्या दिवसापासून गुन्हा ठरला. त्यानंतर ३३ दिवसांनीं, ४ जुलै १९५५ रोजीं, मुंबईंत पालवणकर बाळूंचें निधन झालें. पुण्याच्या मैदानावर मातीच्या भांड्यांतून चहा घेतलेला हा माणूस तेवढें पाहून गेला.